शिवकांता काकूंचा पाहुणा

शिवकांता काकूंच्या घरात रिकाम्या हातानं बसायची सोय नव्हती. तुम्ही कोणीही असा, कशालाही आलेले असा, उंबरा ओलांडून टेकलात की तुमच्यापुढं सूप यायचं. लसूण सोला, शेंगा फोडा, मेथी निवडा, काहीच नसेल तर दोऱ्याचा गुंता तरी सोडवा. एका निवडणुकीत मत मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसवलं होतं. बिचारा पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सरसावून सोलत बसला, त्याच्या मागची पोरंही बसली. शेंगा संपल्यावर काकू म्हणाल्या, "हात चांगला हाय तुमचा. निवडून न्हाई आलात तर येत जावा." तो निवडून आला. पुन्हा गल्लीत फिरकला नाही. शेंगाही नाहीत आणि रस्ताही नाही.

बाई उंच होती, हाडापेरानं मोठी. चालली की कमरेच्या किल्ल्या वाजायच्या, त्यामुळं घरात कुठं आहे ते बाहेरून कळायचं. बोलणं मोठ्यानं, पण हसणं मुकं. हसताना आवाज अजिबात यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. पाठमोरी असली तरी खांद्यांवरून ओळखायचं, हसायली.

सोनपेठला आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. मी पत्रकं काढणाऱ्यांतली. एसटीची फेरी बंद झाली, नळाला पाणी नाही, दवाखान्यात सुई टोचायला माणूस नाही, की आम्ही चार-सहा जण पत्रक छापतो, बाजाराच्या दिवशी वाटतो आणि तहसीलच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. काकूंनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "पत्रकवाले, ये." शाळा लवकर सुटली होती त्यांची, पण पत्रक पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचायच्या आणि चूक काढायच्या. "हितं तू 'संतप्त नागरिक' लिवलंस. कोण संतप्त हाय गं? मला तर सगळे झोपलेले दिसायलेत."

त्यांचे मालक वैजनाथअप्पा. बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. काकू जेवढ्या मोठ्यानं बोलत तेवढे अप्पा हळू. पातेलं बोटाच्या पेरानं वाजवायचे, कान लावून ऐकायचे आणि आवाज पसंत पडला तरच गिऱ्हाइकापुढं ठेवायचे. लहानथोर सगळ्यांना 'माय', 'बाबा'. आणि नेमाचे पक्के. लिंगायत घर. त्यांच्यात पुरुषाच्या गळ्यात तसं बाईच्याही गळ्यात इष्टलिंग असतं, लहानशा चांदीच्या डबीत, गुरूनं ज्याचं त्याला दिलेलं. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि मगच अन्नाला हात लावायचा. गावात आता बहुतेकांनी हे सैल केलंय. अप्पांनी नव्हतं केलं. शिवाय ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्याच्या हातचं शिजलेलं ते खात नसत. आमच्याकडं कितीदा आले, चहासुद्धा नाही. केळ तेवढं खायचे.

कॉलेजात असताना मी यावरून त्यांच्याशी भांडले होते.

"अप्पा, हा भेदभाव हाय. तुमच्या शरण संतांनी तर सगळ्यांना एका पंगतीला बसवलं."

"भेद न्हाई माय," अप्पा म्हणाले, "नेम हाय."

"नेमाचं नाव घेऊन भेदच करायलात तुमी."

आतून काकू ओरडल्या, "बरोबर बोलायली ती! पर पत्रकवाले, आवाज जरासक कमी कर. तुझ्या धाकानं माझी भाकर फुगंना गेली."

अप्पांचं बिघडलं ते पहिल्यांदा भांड्यांवर दिसलं. लग्नाच्या आंदणाची भांडी घेतली की दुकानदार त्यावर नवरीचं नाव घालून देतो. छोटं मशीन असतं, टर्रर्र आवाज करत नाव कोरलं जातं. अप्पांचं अक्षर देखणं, म्हणून खेड्यापाड्यांतून लोक मुद्दाम त्यांच्याकडं यायचे. एका लग्नाची सगळी भांडी, घंगाळापासून चमच्यापर्यंत, त्यांनी एका बैठकीत कोरली आणि सगळ्यांवर एकच नाव घातलं, शिवकांता. नवरी होती पूजा.

नवरीचा बाप भांड्यांचा टेम्पो घेऊन घरासमोर उभा. "अप्पा, ही शिवकांता कोण म्हणायची?"

अप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. काकू बाहेर आल्या, टेम्पोतून एक तांब्या उचलला, नाव वाचलं. खांदे हलायला लागले. "मी हाय. उतरवा खाली. माझ्या लग्नात आंदण कमीच पडलं व्हतं."

बापालाही हसू फुटलं. त्याला दुसरी भांडी गेली, नाव दुसऱ्या दुकानदाराकडून घालून घेतलं. ती सगळी भांडी काकूंच्या स्वयंपाकघरात लागली. म्हाताऱ्याचं प्रेम बघा म्हणून गल्ली कौतुकानं हसत होती. प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. पण तो आजार होता.

त्यानंतर अप्पा शेजारच्या दुकानात जाऊन गल्ल्यावर बसू लागले. घरातल्या संडासाचं दार शोधत अंगणात गोल फिरू लागले. आणि गावानं एकच वाक्य पाठ केलं, "वय झालं की व्हतंच." हे वाक्य मी इथल्या डॉक्टरकडून ऐकलं, मेडिकलवाल्याकडून ऐकलं, देवळात ऐकलं. वय झालं की गुडघे दुखतात. वय झालं म्हणून माणसाला स्वतःच्या घरातलं दार सापडत नाही, असं नसतं. कोणी म्हणालं भूल पडली, कोणी म्हणालं करणी केली. एकानं तर काकूंनाच विचारलं, "तुमी लय बोलता, त्येनं तर न्हाई झालं?" मला अशा वेळी काय होतं ते मी लिहीत नाही, छापणारा छापणार नाही.

शेवटी परभणीला एका डॉक्टरीण बाईंकडं नेलं. त्यांनी अप्पांशी निवांत गप्पा मारल्या, कागदावर घड्याळ काढायला लावलं. अप्पांनी सुंदर गोल काढला, सगळे आकडे एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसवले आणि खाली झोकदार अक्षरात लिहिलं, शिवकांता. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, ह्यानं जरा सावकाश होईल, थांबणार नाही.

"म्हंजे गेलेलं परत येणार न्हाई?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग आता पुढं काय काय जाणार हाय, ते तरी वळीनं सांगा. तयारीत ऱ्हाते."

डॉक्टरीण बाईंनी घड्याळाचा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाल्या, "प्रत्येकाचं वेगळं असतं, आजी."

बाहेर येऊन काकू म्हणाल्या, "लय शिकलेली हाय बाई. गोड बी हाय. पर तिला बी ठावं न्हाई."

पुढचं मी समोर बसून पाहिलं. सकाळची वेळ, माझ्या हातात लसूण. अप्पांची आंघोळ, लिंगपूजा झालेली. काकूंनी ताट वाढलं. अप्पांनी भाकरीला हात लावता लावता वर पाहिलं आणि पाटावरून उठून उभे राहिले.

"बाई, तुमी कोण? मी कुणाच्याबी हातचं खात न्हाई."

काकूंच्या हातात तव्यावरची भाकर तशीच. "मी शिवकांता."

अप्पांनी मान हलवली. "शिवकांता ठावं हाय मला. ती पोर हाय. तुमी म्हाताऱ्या दिसायलात."

मांडणीवर ओळीनं भांडी होती आणि प्रत्येकावर तिचं नाव होतं. मी उठून एक पातेलं दाखवणार होते. काकूंनी नजरेनंच बसवलं मला. भाकर परातीत टाकली, हात पुसले, पदराआडून दोरा ओढून आपल्या गळ्यातली चांदीची डबी बाहेर काढली आणि अप्पांना दिसेल अशी धरली.

अप्पांनी लगेच हात जोडले, लिंगायतांत करतात तसा नमस्कार केला. "शरणार्थी माय. चुकलो मी. बसतो."

आणि पोटभर जेवले. जेवून ओसरीवर आले, काकूंना म्हणाले, "लय उपकार झाले. तुमचे मालक कुठं गेलेत? त्यांची गाठ घेऊनच निघावं म्हणतो."

"बाजारला गेलेत," काकू म्हणाल्या. "येतेत."

"माणूस चांगला हाय का?"

"चांगला हाय. जरा विसरभोळा हाय."

काकू पाठमोऱ्या होत्या. खांदे हलत होते. त्या वेळी त्या हसत होत्या का, ते मला खात्रीनं सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून अप्पा स्वतःच्या घरात पाहुणे झाले आणि काकूंनी त्यांना पाहुण्यासारखं ठेवलं. पाय धुवायला पाणी, बसायला घोंगडी, "आणखी घ्या", "लाजू नका". मी विचारलं, काकू, हे कसं जमतं? म्हणाल्या, "पाव्हण्यावर रागावता येत न्हाई, ते एक बरं हाय. न्हाईतर मी लय रागावले असते." प्रत्येक जेवणाच्या आधी डबी पदराबाहेर यायची, अप्पा हात जोडायचे, ताट रिकामं व्हायचं. ज्या नेमावर मी भांडले होते त्या नेमाच्या आधारानं माणूस जेवत होता. मला तो नेम आजही पटत नाही. पण तेव्हा मी गप्प राहायला शिकले. भरलेलं ताट परत जाताना मला पाहवत नव्हतं.

पाहुणा म्हटल्यावर जायची घाई आलीच. दुपार कलली की अप्पा पिशवीत टॉवेल भरायचे. "निघतो. चारठाण्याला पोचायला उशीर होतो." चारठाणा, जिंतूर तालुक्यातलं, त्यांचं जन्मगाव. दाराला कडी घातली तर दाराला धडका. कितीदा बसस्टँडवरून आणलं असेल. शेवटी एक दिवस काकू म्हणाल्या, "चला, सोडते तुमाला," आणि खरंच निघाल्या. मी बरोबर. परभणीला बस बदलली, जिंतूरला बदलली. अप्पा खिडकीतून बघत प्रत्येक गावाला "आलं का?" विचारत होते आणि काकू दर वेळी नव्यानं "आलंच" म्हणत होत्या. पुढच्या सीटवरचा एक जण वैतागून वळला, "आजोबा, झोपा की जरा." काकू म्हणाल्या, "तूच झोप बाबा. तुझं गाव आलं की त्येच उठवतील तुला."

चारठाण्याला उतरल्यावर अप्पा आमच्या पुढं. जुन्या देवळांच्या दगडांजवळून, गल्ल्यांतून, एकदाही न चुकता. एका दारापुढं थांबले. घर आता पुतण्याचं, जुनं पाडून स्लॅब टाकलेलं. अप्पांनी दार पाहिलं, आत डोकावले. पुतणसून पाणी घेऊन आली, तिच्याकडं पाहिलं. मग काकूंजवळ आले, हळूच म्हणाले, "माय, हितं वळखीचं कुणी न्हाई. मला घरी नेऊन सोडता का?"

"कोणच्या घरी?"

"तुमच्याच. तिथं बरं व्हतं."

परतीच्या बसमध्ये काकू तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. झोपलेल्या नव्हत्या. किल्ल्यांच्या जुडग्यावर बोटं फिरत होती.

त्यानंतर मी पत्रक काढलं. मथळा मोठा, 'हा विसराळूपणा नाही, आजार आहे!' तालुक्याला या आजाराचा डॉक्टर का नाही, औषधासाठी दर वेळी परभणी का, घरी येऊन चार तास माणूस सांभाळणारं सरकारी माणूस का नाही, सांभाळणारी बाई आजारी पडली तर काय. प्रत्येक ओळ खरी होती, आजही खरी आहे. पहिली प्रत काकूंना दिली. त्यांनी पूर्ण वाचली. या वेळी चूक काढली नाही.

"चांगलं लिवलंस. पर ह्यात त्येंला जेवू कसं घालायचं, ते कुठंय?"

"काकू, ह्या मागण्या हायेत."

"व्हय. मी बी तेच मागायले."

पत्रकाचं एक बरं असतं. शेवटी मागणी असते आणि ती कुणाकडं करायची ते ठाऊक असतं. माणसानं नाव घेऊन भांडावं असं समोर कोणीतरी असतं, तहसीलदार, आगारप्रमुख, कोणीतरी. काकूंच्या ओसरीवर बसलं की माझ्याकडं समोरचंच कोणी नसायचं.

मुलगा शिवराज पुण्याला. फोन करायचा, वाईट पोरगा नाही. "आई, एखादी बाई ठेव गं."

"ठेवली हाय की."

"कोण?"

"मीच."

आणि मग अप्पांचं लिंग हरवलं.

त्यांना एक नवी खोड लागली होती. हाताला येईल ती वस्तू फडक्यात नीट गुंडाळायची आणि कुठंतरी ठेवून द्यायची. चष्मा दाण्याच्या कुटात सापडला होता, किल्ल्या चुलवणात. त्या सकाळी आंघोळीनंतर गळ्यात दोराच नव्हता. आम्ही घर उलटं केलं. ज्वारीची कणगी उपसली, पिठाचे डबे चाळले, उश्या उसवल्या, मोरीत हात घातले. माझे सोबती आले, गटार काढलं. लिंग सापडलं नाही, अजूनही सापडलेलं नाही.

अप्पांना लिंग हरवलं हे कळत नव्हतं. विचारलं तर "कसलं लिंग?" म्हणायचे. पण ताट समोर आलं की डावा हात आपोआप छातीकडं जायचा, चाचपडायचा, काही सापडायचं नाही आणि ते उठायचे. का उठलो ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. पाणीसुद्धा नाही. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत धरून चालायला लागले. ओठ फुटलेले.

काकूंनी आंघोळ केली, ओल्या केसांनी आल्या. गळ्यातून आपली डबी काढली, लिंग अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

हे काय झालं ते लिंगायत नसलेल्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. ते ज्याचं त्याचं असतं. मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही, मेल्यावर मातीत सोबत जातं. नवऱ्याचं बायकोला नाही, बायकोचं नवऱ्याला नाही. काकूंना हे माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. अप्पांनी भस्म लावलं, बेल वाहिला, मंत्र म्हटला, एक अक्षर चुकलं नाही. मग डबी गळ्यात अडकवली आणि मान खाली घालून भराभरा जेवले. काकू बाजूला उभ्या राहून तांब्यानं पाणी देत होत्या. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी काकू ताट घेऊन गेल्या. अप्पा म्हणाले, "माय, तुमचं लिंग कुठंय?"

काकूंचा हात गळ्याकडं गेला. गळा मोकळा.

"मग ताट न्या," अप्पा म्हणाले. अगदी नम्रपणे म्हणाले.

मी मोर्चांत पुष्कळ अडलेली माणसं पाहिली आहेत. अशी अडलेली दोन माणसं पाहिली नव्हती. लिंग एक. ते त्यांच्या गळ्यात असलं तर तिच्या हातचं चालत नाही, तिच्या गळ्यात असलं तर त्यांना जेवता येत नाही.

धाकटे दीर गुरप्पा आले, तेही जाब विचारायला. "वहिनी, लिंग काढून दिलंत म्हणं? आपल्यात असं चालतंय का?"

"चालत न्हाई भावजी. तुमच्या गळ्यात हाय न्हवं? बसा मग. भाकर कुस्करा दुधात आन् चारा त्यांना."

गुरप्पांनी चारलं. दोनदा आले. तिसऱ्या वेळी त्यांच्या दुकानात माल यायचा होता. नेम सांगायला सगळी बिरादरी दारात, ताटाजवळ बसायला एक माणूस नाही. मी हे गुरप्पांच्या तोंडावर बोलले, दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर बोलले. काकूंना कळलं तर म्हणाल्या, "बोललीस ना? मन हलकं झालं? आता ये, त्यांना धर, अंग पुसायचंय."

घराण्याचे गुरू, मठातले स्वामी, त्यांना निरोप गेला होता. मठ लांब, स्वामी म्हातारे, त्यांना यायला वेळ लागला, तोवर अप्पा केळ्यांवर होते. ते पाटावर बसले, गुरप्पांनी झाला प्रकार मांडला. स्वामींनी तो ऐकला की नाही कोण जाणे. ते काकूंकडंच बघत होते.

"तू जेवलीस का माय?"

"गळ्यात लिंग न्हाई स्वामी. कशी जेवू?"

तेव्हा मला कळलं. ही बाई इतके दिवस नुसत्या पाण्यावर घर ओढत होती. मी ओरडले, "काकू, त्यांच्यासाठी मोडलात ना नेम? मग सोतासाठी कामून पाळायलात? मरायचंय का?"

"तो त्यांच्यासाठी मोडला," काकू म्हणाल्या. "हा माझा हाय."

स्वामींनी रागावणं नाही, प्रायश्चित्त नाही, काही सांगितलं नाही. विधी करून काकूंना नवं लिंग दिलं. "ते पहिलं त्यांच्यापाशीच ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले. काकूंनी पूजा केली, लसणाच्या चटणीशी भाकर खाल्ली. मी समोर बसून शेवटचा घास गिळेपर्यंत हलले नाही.

संध्याकाळी काकूंनी लुगडं बदललं. डबी पदरावर, स्पष्ट दिसेल अशी. ताट वाढलं आणि अप्पांसमोर ठेवून उभ्या राहिल्या. अप्पांनी डबीकडं पाहिलं. मी दारात होते. आता हात जोडतील, 'शरणार्थी माय' म्हणतील, याची वाट बघत होते.

"हेच!" अप्पा ओरडले. "हेच माझं! हिनं चोरलं!"

ज्या माणसाचा आवाज मी आयुष्यात चढलेला ऐकला नव्हता, त्यानं झडप घालून दोरा ओढला. काकूंच्या मानेवर वळ उठला, दोरा तुटला. आरडाओरड्यानं गल्ली गोळा झाली. अप्पा ओसरीवर येऊन रडत रडत एकेकाला सांगत होते, "माझं लिंग चोरलं ह्या बाईनं. मला उपाशी मारायली. मला हितून सोडवा." त्यांच्या गळ्यात तेव्हा काकूंचं लिंग होतं.

कोणीतरी म्हणालं, "अरे रे." कोणीतरी मोबाइल काढला होता, तो मी हिसकावून घेतला. त्यापलीकडं मला काही करता आलं नाही. काकूंनी खाली बसून डबी शोधली, कपाळाला लावली, दोऱ्याला गाठ मारून गळ्यात घातली आणि चोळीच्या आत ढकलली. मग गर्दीला म्हणाल्या, "जावा आता. बोलून बोलून त्यांची दमछाक व्हायली."

दिवाळीनंतर शिवराज दोघांना न्यायला आला. जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. त्या अधल्यामधल्या काळात मी फारशी गावात नव्हते, आणि अप्पा जेवतात एवढंच कानावर होतं, कसे ते ठाऊक नव्हतं. शिवराज ओसरीवर फोनवर बोलत होता. त्यानं हातानंच आत जा म्हणून खुणावलं.

स्वयंपाकघरात अप्पा पाटावर बसले होते, पुढं ताट, वाटीत दूध. काकू दिसेनात. मग दिसल्या. अप्पांच्या मागं, भिंतीला पाठ लावून, त्यांच्या पाठीला बिलगून बसल्या होत्या. लुगड्यावर अप्पांचा पांढरा सदरा चढवलेला. सदऱ्याच्या लांब बाहीतला त्यांचा उजवा हात अप्पांच्या काखेखालून पुढं आलेला. मनगटावर बांगड्या नव्हत्या. तो हात भाकरीचा तुकडा मोडायचा, दुधात बुडवायचा, अप्पांच्या तोंडापर्यंत न्यायचा. अप्पा शांतपणे खात होते. त्यांचा स्वतःचा हात मांडीवर पडलेला, घास कसा उचलायचा ते विसरलेला. मागून तोंड दिसत नसल्यानं एखादा घास हनुवटीला लागायचा, मग बोटं चाचपडत वर सरकायची.

अप्पांनी मला पाहिलं. ओळखलं नाही, पण हसले.

"या माय, बसा. घरात कुणी न्हाई. मी एकटाच असतो."

"जेवायलात का अप्पा?"

"व्हय. आपल्या हातानं घेऊन खातो. कुणाचा तरास न्हाई."

त्यांच्या खांद्याआडून काकूंचं अर्धं तोंड दिसत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, बोलू नको म्हणून. बाहीतला हात पुन्हा ताटाकडं गेला, दुधाची वाटी शोधली, घास भिजवला आणि अंदाजानं वर न्यायला लागला.